सोलर, शेतपंप, गोबरगॅस आणि गोदावरी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडकोतल्या रो-हाउसपासून सिन्नरच्या कोरडवाहू शिवारापर्यंत लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक भूमिका धरली आहे, ती आधीच सांगून टाकतो. वीज आधी वाचवावी, मग आपल्या छतावर तयार करावी, आणि डोंगर, माळरान, नदीकाठ यांना हात लावायची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. ब्रह्मगिरीचा पायथा पोखरून किंवा चराईचा माळ सपाट करून वीज मिळवली, तर तिला स्वच्छ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नाशिकच्या हवेत सोलर नीट चालतं का? पावसाळ्यात काय होतं?

चांगलं चालतं. वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. मार्च ते मे त्याहून जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की एखाद्या दिवशी एक-दीड युनिटावरही समाधान मानावं लागतं. त्र्यंबक आणि इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यातली घट मोठी असते, येवला-नांदगावकडे कमी.

एक गोष्ट लोकांना पटायला वेळ लागतो. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. एप्रिलच्या दुपारी पॅनल स्वतः ६० अंशांच्या वर तापतं. २५ अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशामागे त्याची क्षमता ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते, म्हणजे ऐन कडक उन्हात दहा-बारा टक्के तिथेच जातात. म्हणूनच पॅनल पत्र्याला किंवा स्लॅबला चिकटवून बसवू देऊ नका. खालून वारा खेळता राहिला पाहिजे. याउलट जानेवारीतली नाशिकची थंड, निरभ्र दुपार पॅनलला मानवते. दिवस लहान असूनही आकडे बरे दिसतात ते त्यामुळे.

आमच्या घराला किती किलोवॅट लागेल? अनुदान किती?

गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि युनिटची बेरीज करून बाराने भागा. रुपये बघू नका, युनिट बघा. महिन्याला २४० च्या आसपास युनिट जळत असतील तर २ किलोवॅट पुरतं, साडेतीनशेच्या घरात असतील तर ३. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा धरायची.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. त्याहून मोठं बसवलं तरी अनुदान तेवढंच. पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात, ही अट व्हेंडरकडून कोटेशनमध्येच लिहून घ्या. अनुदान सगळं काम पूर्ण होऊन मीटर बसल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येतं. तोपर्यंतचे पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात, किंवा कर्ज काढावं लागतं.

"जास्त बसवू, उरलेली वीज विकू" असा विचार घरगुती ग्राहकाने करू नये. जादा युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण मार्चअखेर हिशेब होतो तेव्हा उरलेल्या युनिटला मिळणारा दर अगदीच कमी असतो.

बिल शून्य येईल का?

येणार नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो. पण बिल वाचायला शिका. नेट मीटरच्या छोट्या पडद्यावर आकडे एकामागून एक सरकत असतात. त्यात एक आकडा तुम्ही महावितरणकडून घेतलेल्या विजेचा असतो, म्हणजे आयात, आणि एक तुम्ही लाईनवर सोडलेल्या विजेचा, म्हणजे निर्यात. महिन्याच्या ठरावीक तारखेला दोन्हींचे फोटो काढून ठेवा. बिलात निर्यात शून्य दाखवली गेली, किंवा सरासरीने बिल आलं, तर तक्रार करताना हेच फोटो कामाला येतात. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, दाखवतो ते युनिट आणि निर्यातीचे युनिट जुळत नाहीत म्हणून बरेच जण घाबरतात. ते जुळणारच नाहीत. दिवसा घरात वापरली गेलेली वीज मीटरपर्यंत पोचतच नाही, ती आधीच खर्ची पडलेली असते.

लाईट गेली की सोलरही बंद पडतं. मग उपयोग काय?

ही लाईनवरच्या माणसाच्या जिवाची काळजी आहे. वीज बंद करून वायरमन पोलवर चढलेला असतो. त्या वेळी तुमच्या छतावरून वीज लाईनवर जात राहिली तर तो दगावू शकतो. म्हणून लाईनवरचा पुरवठा थांबला की इन्व्हर्टर आपोआप थांबतो, आणि तो थांबलाच पाहिजे. लाईट गेल्यावरही घरात वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. खर्च बराच वाढतो. शहरात रोज तास-दीड तासाच्या वर लाईट जात नसेल तर बॅटरीच्या नादी लागू नका. दवाखाना असेल, घरात ऑक्सिजन मशीनवर माणूस असेल, किंवा गावात वाऱ्या-वादळाने डीपी जळून चार-चार दिवस जात असतील, तर गोष्ट वेगळी.

गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिची सावली चालेल का?

या प्रश्नाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि पुढे वर्षानुवर्षं तोटा सोसतात. पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात. एकावर सावली पडली की त्या माळेतल्या बाकीच्यांची वीजही घसरते.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. म्हणजे टाकीची सावली तिच्या उंचीएवढीच लांब, उत्तरेकडे पडते. सकाळ-संध्याकाळ तर याहून कितीतरी लांब. म्हणून टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला पॅनल नको, दक्षिणेला चालेल. व्हेंडर मे महिन्यात जागा बघायला आला तर त्याला सावली दिसणारच नाही, कारण तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्याला डिसेंबरची सावली आखून दाखवायला सांगा. आखता येत नसेल तर दुसरा व्हेंडर बघा.

दक्षिणेला कोणाचा प्लॉट रिकामा आहे का, तेही बघून ठेवा. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याच्या भागात दोन वर्षांत शेजारी सात मजले उभे राहतात.

पॅनल किती वेळा धुवायचे? आणि गारपिटीत टिकतात का?

पावसाळा सोडला तर पंधरा दिवसांतून एकदा, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर आठवड्याला. पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग धरतात आणि ते नंतर निघत नाहीत. नळाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

गारपिटीचा प्रश्न नाशिकला रास्तच आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांचं काय झालं ते इथे कोणी विसरलेलं नाही. चांगल्या पॅनलची चाचणी २५ मिलीमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने, ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने मारा करून होते. बोराएवढी गार त्याला काही करत नाही. लिंबाएवढ्या गारांची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. विमा उतरवा, घराच्या विम्यात सोलरची वेगळी नोंद करून घ्या.

दारातल्या झाडाची सावली पॅनलवर येते. झाड तोडू का?

नको. हे उत्तर मी मोठ्या आवाजात द्यायला तयार आहे.

आधी कायदा. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे, मग ते तुमच्या कुंपणाच्या आत का असेना. २०२१ च्या सुधारणेनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून आणखी संरक्षण मिळालं.

आता हिशेब. काही जण कार्बनचा हिशेब मांडतात आणि तो चुकीचा नाही. आपल्याकडे लाईनवरच्या एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक किलोवॅट सोलर वर्षाला चौदाशे युनिट देतं, म्हणजे टनभर कार्बन वाचतो. एक झाड वर्षाला तेवढा शोषत नाही. पण झाडाचं काम एवढंच आहे का? तुमच्या पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात चार वाजता ऊन पडत नाही ते त्या कडुनिंबामुळे. तो तोडला की त्या खोलीला एसी लागेल, आणि नव्या सोलरची निम्मी वीज त्या एसीलाच जाईल. शिवाय त्यावरची घरटी, मुळांनी धरलेली माती आणि जिरवलेलं पाणी कुठल्याच युनिटमध्ये मोजता येत नाही.

तेव्हा पॅनल सरकवा. दोन कमी बसवा. स्ट्रक्चर चार फूट उंच घ्या. परवानगी घेऊन एखादी फांदी उतरवणं हा शेवटचा मार्ग. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय निघाला तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले. तीच माया आपल्या अंगणातल्या झाडावरही असू द्या.

आणि नवीन लावायचंच असेल तर देशी लावा. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ मध्ये लोकांनी एकत्र येऊन हजारो देशी रोपं लावली. नुसती लावून थांबले नाहीत, उन्हाळ्यात पाणी घातलं, वणव्यापासून राखली. आज ती देवराई म्हणून ओळखली जाते. शेजारच्या गिरिपुष्प या परदेशी झाडाच्या पट्ट्यात आणि तिथे एकदा सकाळी फिरून या, पक्ष्यांच्या आवाजातच फरक कळतो.

फ्लॅटमध्ये राहतो, गच्ची आमची नाही. आम्ही काय करायचं?

पंखे बदला. हे ऐकून लोक निराश होतात, पण आकडा बघा. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा पूर्ण वेगात ३० च्या आसपास. बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. घरात तीन पंखे असतील तर ४८. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर असेल तर विसरून चालू राहत नाही, यासाठी इलेक्ट्रिशियनला एकदा बोलवा. एसी २६ वर ठेवून सोबत पंखा लावा. खरं तर नाशिकची रात्र अजून बऱ्यापैकी गार असते. संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर एप्रिल-मे सोडून एसी लागायचं कारण नाही.

सोसायटीला बसवता येतं का?

येतं. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांच्या सामायिक मीटरवर बसवायचं. गृहनिर्माण संस्थांना त्यासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या आणि गच्चीचे हक्क बिल्डरकडे अडकलेले नाहीत ना ते तपासा. बहुतेक सोसायट्यांचं काम तांत्रिक अडचणीने अडत नाही, वरच्या मजल्यावरच्यांच्या "स्लॅब गळेल" या भीतीने अडतं. त्यांची भीती खोटी नाही. स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करता येतं. आधी वॉटरप्रूफिंग, मग सोलर, हा क्रम ठेवा.

पाणी तापवायचा सोलर बंब घ्यावा की वीज बनवणारे पॅनलच?

दोन्हींचं काम वेगळं आहे. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला चार युनिट लागतात, म्हणजे एक किलोवॅटची जवळपास दिवसभराची कमाई. तेच काम बंब साधारण दोन चौरस मीटरच्या तबकातून करतो. जागा कमी असेल तर आधी बंब घ्या. तांब्याच्या तबकाच्या बंबातल्या बारीक नळ्या जड पाण्यात क्षार धरून लवकर चोंदतात. बोअरचं पाणी असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्या आणि वर्षातून एकदा साफ करून घ्या.

शेतपंपाची वीज मोफत आहे. मग सौरपंप कशाला?

शेतकरी हा प्रश्न हमखास विचारतात. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. पण ती येते केव्हा? आठवड्यातले काही दिवस रात्री. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या शिवारात रात्री दीड वाजता बॅटरी घेऊन उसाच्या कडेने पंप चालू करायला जाणं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. बिबट्या उसात असतो, मादी पिल्लांसह असते, आणि पायवाट त्याच उसातून जाते. घरच्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसा पाणी भरता आलं तर वाचतो तो माणूस, आणि बिबट्याही. माणसावर हल्ला झाला की लगेच पिंजरे लागतात.

ज्यांच्याकडे कृषिपंपाचं वीज कनेक्शन नाही त्यांच्यासाठी "मागेल त्याला सौर कृषिपंप" ही योजना आहे. शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यावर साडेसात एचपी. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा त्यात येतो. ज्यांच्याकडे आधीच कनेक्शन आहे, त्यांच्यासाठी गावाच्या फीडरवर सौर प्रकल्प जोडून दिवसा वीज देण्याचं काम मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेतून चाललं आहे.

आता माझी काळजी सांगतो. दिवसभर फुकटात चालणारा पंप मिळाला की मोटर बंद करायचं कारणच उरत नाही. येवला, चांदवड, देवळा, नांदगाव, सिन्नरचा पूर्व भाग, इथे मार्चमध्येच विहिरी तळाला जातात. एकाने बोअर साडेतीनशे फुटांवर नेलं की शेजारी चारशेवर जातो. सौरपंप घेणाऱ्याने ठिबक घ्यावंच, आणि पावसाळ्यात ओढ्याचं गढूळ पाणी गाळून विहिरीत सोडायची सोयही करावी. द्राक्षवाल्यांना ठिबक नवं नाही. कांद्याला मात्र अजून पाटाने भरपूर पाणी दिलं जातं, आणि तिथे मोठी बचत होऊ शकते. दिवसा हळूहळू, ढगाप्रमाणे कमी-जास्त चालणाऱ्या सौरपंपाशी ठिबकपेक्षाही शेततळ्याची जोडी चांगली जमते. पंप तळं भरत राहतो आणि तळ्यातून हव्या त्या वेळी पाणी जातं.

कंपनी माळाची जमीन सोलरसाठी भाड्याने मागते. द्यावी का?

सौर कृषिवाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. खरोखर मुरमाड, पीक न येणारी स्वतःची जमीन असेल, उपकेंद्र जवळ असेल, आणि करार वकिलाला दाखवून झाला असेल, तर वाईट सौदा नाही. करार संपल्यावर काँक्रीटचे पाये कोण काढणार, ते त्यात लिहिलेलं हवं.

गायरानाचं उत्तर वेगळं आहे. सरकारी कागदावर जे "पडीक" असतं ते मेंढपाळाचं चराऊ कुरण असतं. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल यांचं घरही तेच. येवल्याच्या ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रातली काळविटं संध्याकाळी चरायला बाहेर पडतात तेव्हा त्यांना राखीव क्षेत्राची हद्द माहीत नसते. आजूबाजूचा माळ तारेच्या कुंपणाने बंद झाला तर ती जायची कुठे? ग्रामसभेत हा विषय येतो तेव्हा मेंढरंवाल्यांनाही सभेला बोलावलं आहे का, हे विचारा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची आणि बाजार समित्यांच्या शेडची छतं जोवर रिकामी आहेत तोवर गायरानाकडे वळायची घाई कशाला?

घरावर छोटी पवनचक्की बसवली तर?

शहरात नको. इमारतींमुळे वारा घोटाळतो, पातं नीट फिरत नाही आणि आवाज होतो तो वेगळाच. वाऱ्याची खरी जागा सह्याद्रीच्या उघड्या कडांवर. सिन्नर-अकोले तालुक्यांच्या हद्दीवर पट्टा किल्ल्याच्या डोंगररांगेत फिरणाऱ्या चक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांची खरी कमाई जून ते सप्टेंबर, म्हणजे सोलर मंदावतं तेव्हाच. म्हणून राज्याला दोन्ही हवेत.

गोबरगॅस आता कोण वापरतं?

वापरायला हवा. चार-पाच जनावरं असतील तर रोज पन्नास किलो शेण मिळतं, आणि दोन घनमीटरच्या संयंत्राला तेवढं पुरतं. एक घनमीटर गॅस साधारण साडेचारशे ग्रॅम एलपीजीच्या तोडीचा. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर बायकांना मोळीसाठी किती चालावं लागतं ते पाहिलं, की याची किंमत रुपयांत काढावीशी वाटत नाही. चुलीचा धूर फुप्फुसात जात नाही, जंगलही वाचतं. बाहेर पडणारी मळी शेताला उत्तम खत. जुनी संयंत्रं बंद पडली ती बहुतेक शेण-पाण्याचं प्रमाण चुकल्याने, डोममधून गळती लागल्याने किंवा जनावरं विकल्याने. थंडीत गॅस कमी येतो, निफाडच्या पट्ट्यात तर फारच. संयंत्र उन्हाच्या बाजूला बांधा आणि शेण कोमट पाण्यात कालवा.

एकलहऱ्याचं कोळशावरचं वीज केंद्र बंद केलं की प्रदूषण संपेल ना?

एकलहऱ्याला आज प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण ६३० मेगावॅट. कोळसा रेल्वेने येतो, पाणी गोदावरीचं. राखेचा त्रास आजूबाजूच्या गावांना आहे, तो नाकारून चालणार नाही. ती राख विटा आणि सिमेंटमध्ये जितकी जाईल तितकी चांगली.

पण उद्या बंद करा म्हणणाऱ्यांना एक विचारतो. संध्याकाळी साडेसातला सगळं नाशिक घरी येतं, दिवे, टीव्ही, गिरण्या, पंप चालू होतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. ती वीज कुठून आणायची? दिवसाची वीज साठवून ठेवणं हा यातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचं एक उत्तर आपल्या शेजारीच आहे. भंडारदऱ्याजवळ घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा कड्याखालच्या जलाशयातलं पाणी वरच्या जलाशयात चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवायची. चढवायला लागते त्यापेक्षा थोडी कमी वीज परत मिळते, पण ती हवी तेव्हा मिळते. दुपारची स्वस्त सौर वीज अशा प्रकल्पांत आणि मोठ्या बॅटऱ्यांत साठू लागेल, तसतसे कोळशाचे संच उतरवता येतील. मात्र नवे उदंचन प्रकल्पही सह्याद्रीतच आखले जातात. तिथे जंगल किती बुडणार, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायलाच हवा.

घरातून करता येण्याजोगं म्हणजे वॉशिंग मशीन, पिठाची छोटी गिरणी, पाण्याची मोटर ही कामं सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये उरका.

वीज आणि गोदावरी यांचा काय संबंध?

गंगापूर धरणातलं पाणी पंपांनी उचलून जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथून टाक्यांत, मग सोसायटीच्या टाकीत, मग पुन्हा मोटरने गच्चीवर. सातव्या मजल्याच्या गच्चीवर दहा हजार लिटर चढवायला दीड-पावणेदोन युनिट लागतात. वापरलेलं पाणी तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या केंद्रांत शुद्ध करायलाही वीज लागते. तेव्हा गच्चीवरची टाकी भरून वाहते त्या वेळी पाण्याबरोबर वीजही वाहून जाते. टाकीला फ्लोट बसवा, शे-दोनशे रुपयांचं काम आहे.

नंदिनी, वाघाडी, वालदेवी या छोट्या नद्यांतून जे न गाळलेलं सांडपाणी येतं त्यावर पानवेली माजतात. तेच पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जातं. हे ठिकाण २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. थंडीत तिथे बदकं बघायला जाताना हेही ध्यानात ठेवा की त्यांच्या पाण्यात आपल्या मोरीचं पाणी मिसळलेलं असतं.

ओल्या कचऱ्यातून वीज होते म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे. महापालिकेचा जर्मनीच्या सहकार्याने उभा राहिलेला प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवून त्याच्या गॅसवर वीज, अशी ती योजना. असे प्रकल्प अडतात ते कचऱ्यावर. घंटागाडीत आपण केळीच्या सालीबरोबर प्लॅस्टिकची पिशवी टाकली की पुढचं यंत्र चोंदतं. निर्माल्य कलशात टाकतानाही हार दोऱ्यातून सोडवा, थर्माकोल काढा.

पंचवीस वर्षांनी या पॅनलचा कचरा होणार, त्याचं काय?

पॅनलमध्ये बहुतांश काच आणि ॲल्युमिनियम असतं, थोडं तांबं, किंचित चांदी आणि सांध्यांत शिसं. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनल आले आहेत आणि जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. म्हणून पावती आणि पॅनलचे क्रमांक जपून ठेवा. फुटलेलं पॅनल भंगारवाल्याला देऊ नका, तो फ्रेम काढून बाकीचं नाल्यात टाकतो. पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा आपल्याकडच्या उन्हात वर्ष-दोन वर्षांत फिटते, त्यामुळे "बनवतानाच जास्त प्रदूषण" हा आक्षेप टिकत नाही.

"सरकारकडून फुकट सोलर, आजच पैसे भरा" असे फोन येतात.

ठेवून द्या. अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्वतः करता येतो आणि व्हेंडरही तिथल्या नोंदणीकृत यादीतूनच निवडायचा असतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. सगळी रक्कम आधी देऊ नका, शेवटचा हप्ता नेट मीटर चालू झाल्यावर द्या.

अर्जाला काय काय लागतं?

वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक, मोबाइल, आधार, बँक पासबुक आणि घराच्या मालकीचा पुरावा. बिल वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, आणि जुन्या नाशिकात, पंचवटीत ते बहुधा असतंच, तर आधी नावबदलाचा अर्ज करा. सोलरच्या अर्जावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं नाही की अनुदान अडकतं. मंजूर भारही बघा. बिलावर १ किलोवॅट लिहिलेला असेल आणि तुम्हाला ३ चं बसवायचं असेल, तर भारवाढ महावितरण त्याच अर्जाबरोबर करतं, ती झाली का ते बघा.